उसन्या रंगांचे नकाशे

पहाडगंज म्हटले की महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्याला नवी दिल्ली स्टेशन, मेन बाजारातली स्वस्त हॉटेले आणि बृहन्महाराष्ट्र भवन एवढे हमखास आठवते. नूतन मराठी शाळाही याच भागातली. पण ही वस्ती मराठी माणसांपेक्षा कितीतरी जास्त फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांची आहे. त्यामुळे लाहोरकडचे आजोबा असलेले घर आणि साताऱ्याकडचे आजोबा असलेले घर इथे भिंतीला भिंत लावून असू शकतात. दोन्ही घरांत मधुमेह शिरला, तर गोळ्या सारख्याच मिळतील. पण पहिल्या घरासारख्या हजारो घरांच्या डीएनएचा अभ्यास झाला, दुसऱ्या घरासारख्या हजारो घरांचाही झाला, आणि दोन्हींचे निकाल संगणकाच्या पडद्यावर चित्र होऊन आले, तर पहिल्या चित्रातले रंग बऱ्यापैकी त्या लोकांचे स्वतःचे असतील आणि दुसऱ्या चित्रातले बरेचसे उसने. ही उसनवारी चित्रावर कुठेही दिसत नाही, आणि माझ्या मते आजच्या जनुकशास्त्रातली ती दुर्लक्षित पण महत्त्वाची अडचण आहे.

आधी अभ्यास म्हणजे काय ते पाहू. माणसाचा डीएनए ही सुमारे तीनशे कोटी अक्षरांची लिपी. बहुतेक अक्षरे सगळ्यांची सारखीच. काही ठिकाणी मात्र कुणाकडे एक अक्षर, कुणाकडे दुसरे. अशा ठिकाणाला संशोधक ‘स्निप’ म्हणतात. रोग असलेले आणि नसलेले पुष्कळ लोक घ्यायचे, प्रत्येकाचे लाखो स्निप तपासायचे आणि दर ठिकाणी एकच गोष्ट विचारायची: हे अक्षर रोग्यांत जास्त वेळा दिसते का? या पद्धतीला जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी, थोडक्यात ‘जीवॉस’ म्हणतात. २००५ मध्ये उतारवयात डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या विकारावर असा एक अभ्यास झाला, त्यात अवघे ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसे होती. दोनच वर्षांनी ब्रिटनमध्ये सात रोगांचे मिळून १४,००० रुग्ण आणि ३,००० निरोगी लोक एकाच अभ्यासात घेतले गेले. भारतात या दिशेने झालेल्या मोठ्या कामांपैकी एक दिल्लीतले. इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी, म्हणजे आयजीआयबी, या संस्थेतील द्वैपायन भारद्वाज, एम्सचे निखिल टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२,५३५ भारतीयांवर टाइप २ मधुमेहाचा जीवॉस केला. २०१३ मध्ये ‘डायबेटिस’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पहिले नाव रुबिना तबस्सुम यांचे होते. दुसऱ्या गुणसूत्रावर, ‘२क्यू२१’ या पट्ट्यात, त्यांना मधुमेहाशी निगडित अशी एक नवी जागा सापडली. तिथले जनुक टीएमईएम१६३.

अशा अभ्यासाचा कच्चा निकाल म्हणजे लाखो ओळींची एक फाइल. दर ओळीत स्निपचे नाव, गुणसूत्र, जागा, दोन अक्षरे, आणि शेवटी एक पी-मूल्य. खरे तर काहीही संबंध नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते हे मूल्य सांगते. ही फाइल वाचून कुणाला काही कळत नाही. म्हणून तिचे चित्र काढतात. आडव्या रेषेवर १ ते २२ गुणसूत्रे ओळीने मांडायची, उभ्या रेषेवर पी-मूल्याचा उणे लॉगॅरिदम. शक्यता जितकी कमी, ठिपका तितका उंच. सगळे ठिपके पडले की खाली दाट धुके आणि मध्येच एखादा उंच मनोरा असे दृश्य दिसते. न्यूयॉर्कच्या इमारतींवरून त्याला मॅनहॅटन प्लॉट म्हणतात. स्टीफन टर्नर यांचे ‘क्यूक्यूमॅन’ नावाचे मोफत पॅकेज ‘आर’ या संगणकभाषेत एका ओळीच्या आज्ञेत हे चित्र काढून देते. आपण काही सांगितले नाही तर ते दोन आडव्या रेषाही आपणहून आखते: निळी पाचच्या उंचीवर आणि लाल ७.३ च्या उंचीवर. दिल्लीच्या अभ्यासातला मुख्य ठिपका ८.४८ उंचीवर होता, म्हणजे योगायोगाची शक्यता शंभर कोटींत साधारण तीन. पुढे न तपासलेल्या जागांचाही गणिताने अंदाज बांधल्यावर शेजारचाच एक स्निप ११.२ पर्यंत चढला. लाल रेषा दोन्ही वेळा ओलांडली.

ती लाल रेषा कुठून आली, हे विचारण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. लाखो ठिकाणी प्रश्न विचारला की काही उत्तरे नुसत्या नशिबाने ‘होय’ येणार; म्हणून निकष कडक करावा लागतो. पण लाखो ठिकाणे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. खरे स्वतंत्र प्रश्न सुमारे दहा लाख, असा हिशोब मांडून दोन कोटींत एक ही मर्यादा रूढ झाली. तो हिशोब प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या डीएनएवरून केलेला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत स्वतंत्र तुकडे जास्त, त्यामुळे तिथे मर्यादा याहून कडक हवी, हे जाणकारांना ठाऊक आहे. तरी पॅकेजमधली लाल रेषा जगभर एकाच उंचीवर उभी राहते, कारण ती तशी लिहून ठेवली आहे. आणखी एक घोटाळा वाचणाऱ्याच्या मनात होतो. उंच मनोरा म्हणजे मोठा परिणाम, असे वाटते. तसे नाही. उंची ही खात्रीची. माणसे वाढवली की तोच बारीकसा परिणामही उंच दिसू लागतो. दिल्लीच्या अभ्यासात आधी माहीत असलेल्या सगळ्या जागा आणि ही नवी जागा मिळून भारतीयांतल्या मधुमेहाच्या धोक्यातला ७.६५ टक्के फरकच उलगडत होता. बाकीचा आहार, वजन, वय, आईच्या गर्भातले पोषण आणि अजून न सापडलेली जनुके यांच्याकडे जातो.

मॅनहॅटन प्लॉट हे दूरवरून घेतलेले दृश्य. मनोरा सापडल्यावर त्याच्या पायथ्याशी जावे लागते, आणि खरी गंमत तिथे आहे. त्यासाठी जगभर वापरले जाणारे साधन म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले ‘लोकसझूम’. २०१० मध्ये ते आले. २०२१ मध्ये त्याची ब्राउझरमध्ये चालणारी नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. काही लाख अक्षरांचा पट्टा ते मोठा करून दाखवते. सर्वांत उंच ठिपका जांभळ्या चौकोनी हिऱ्याच्या आकारात. बाकीच्या ठिपक्यांना लाल, नारिंगी, हिरवा, फिका निळा, गडद निळा असे पाच रंग. मागे एक निळी रेघ वरखाली होते, ती त्या जागी गुणसूत्रांची अदलाबदल किती होते ते सांगते. तळाला जनुके, बाण लावलेल्या पट्ट्यांच्या रूपात. रंगांचा अर्थ असा: जांभळ्या स्निपशी जो ठिपका घट्ट बांधलेला तो लाल, ज्याचा जवळजवळ संबंध नाही तो गडद निळा. या बांधलेपणाला ‘लिंकेज डिसइक्विलिब्रियम’ असे भारदस्त नाव आहे. प्रयोगशाळेत सगळे ‘एलडी’ म्हणतात. वारीत एका गावची माणसे एकाच दिंडीत चालतात, एक ओळखीचा भेटला की बाकीचे आसपास असणार हे कळते, तसेच डीएनएत शेजारची अक्षरे पिढ्यान्पिढ्या एकत्र चालत आलेली असतात. म्हणूनच सगळी तीनशे कोटी अक्षरे न वाचता पाच-सहा लाख ठिकाणे वाचून भागते. आणि म्हणूनच उंच ठिपका हा गुन्हेगार असेलच असे नसते. तो गुन्हेगाराच्या दिंडीतला कुणीही असू शकतो. लाल ठिपके म्हणजे संशयितांची यादी.

आता मुद्दा. कोण कुणाच्या दिंडीत चालते, हे त्या त्या लोकसमूहाच्या इतिहासावर अवलंबून असते. मग लोकसझूमला ते कसे कळते? बहुतेक वेळा अभ्यासातल्या लोकांकडून नव्हे. वापरणारा फक्त पी-मूल्यांची फाइल चढवतो. माणसांचा मूळ डीएनए गोपनीय असतो, तो संकेतस्थळावर टाकता येत नाही. त्यामुळे साधन रंग ठरवायला तिसऱ्याच लोकांचा आधार घेते. सुरुवातीला हाताशी असलेले हॅपमॅप प्रकल्पाचे संच युरोपीय वंशाचे अमेरिकी, नायजेरियातले योरुबा आणि चिनी-जपानी लोकांचे होते. नंतर ‘१००० जीनोम्स’ प्रकल्प आला. २०१५ मध्ये त्याचा अंतिम संच प्रसिद्ध झाला: २६ लोकसमूह, २,५०४ माणसे. त्यात दक्षिण आशियाई ४८९. वापरणाऱ्याने यादीतून ‘एसएएस’ निवडले की हे ४८९ लोक रंग भरतात. ते कोण? अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे १०३ गुजराती, लाहोरचे ९६ पंजाबी, बांगलादेशचे ८६ बंगाली, ब्रिटनमधले १०२ श्रीलंकन तमिळ आणि ब्रिटनमधलेच १०२ तेलुगू. यातला एकही नमुना भारताच्या हद्दीत गोळा केलेला नाही. मराठी समूह तर यादीतच नाही. पहाडगंजातल्या लाहोरकडच्या घराला निदान जवळचे भाऊबंद सापडतात. साताऱ्याकडच्या घराला ह्यूस्टनचे गुजराती आणि ब्रिटनचे तेलुगू यांची सरासरी पत्करावी लागते.

यावर कुणी म्हणेल, सरासरी तर सरासरी, रंग थोडे फिके-गडद झाले म्हणून काय बिघडले? बिघडते ते करड्या ठिपक्यांमुळे. जो स्निप आधारसंचात सापडतच नाही, त्याला लोकसझूम करडा रंग देते: याच्या दिंडीची माहिती नाही. एखादे अक्षर भारतातल्याच काही समूहांत रुजलेले आणि बाहेर दुर्मीळ असेल, तर ते करडे पडण्याची शक्यता सर्वांत जास्त. आयजीआयबीच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या माहितीत साडेपाच कोटींहून अधिक फेरफार आढळले, आणि त्यांपैकी सुमारे ३२ टक्के जगातल्या इतर संचांत नव्हते. यातले बहुसंख्य अगदी विरळ आहेत आणि जीवॉसच्या कामाचे नाहीत, हे मान्य. तरीही जे भारतीयांचे खास आहे, ज्याच्यासाठी भारतात वेगळा अभ्यास करायचा, नेमके तेच चित्रात करडे किंवा चुकीच्या रंगाचे दिसावे, ही विसंगती किरकोळ नाही.

दिल्लीच्याच निष्कर्षाकडे पुन्हा पाहू, कारण तो भाग फार बोलका आहे. टीएमईएम१६३ पासून दहा लाखांहून थोड्या अधिक अक्षरांवर एलसीटी हे जनुक आहे. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर तेच घडवते. मोठेपणीही दूध पचण्याशी निगडित असलेला त्याच्या शेजारचा फेरफार युरोपात आणि भारतात एकच आहे, आणि भारतात त्याचे प्रमाण वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जाते. गेल्या काही हजार वर्षांत हा फेरफार नैसर्गिक निवडीने वेगाने पसरला, त्यामुळे त्याच्याबरोबर चालणारी दिंडी असाधारण लांब आहे. अशा भागात दुहेरी काळजी लागते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या लोकांत एलसीटीचा फेरफार उंचीशी जोडलेला दिसला होता. आजी-आजोबांचा प्रदेश लक्षात घेऊन लोकांची पुन्हा जुळणी केल्यावर तो संबंध बराचसा विरला. उत्तर युरोपीय उंच असतात आणि दूधही पचवतात, एवढेच त्यामागचे कारण. जीवॉसमध्ये अशा मिसळीची गणिती दुरुस्ती करतात, आणि टीएमईएम१६३ चा निष्कर्ष अशाच भ्रमाचा आहे असे म्हणण्याला काहीही आधार नाही. मुद्दा चित्राचा आहे. लोकसझूमची चौकट साधारणपणे मुख्य स्निपच्या दोन्ही बाजूंना काही लाख अक्षरे एवढीच असते. त्या चौकटीत एलसीटी बसत नाही. वाचकाला शेजारी काय आहे याची कल्पनाही येत नाही, आणि या पट्ट्यात लाल ठिपके लांबवर का पसरू शकतात हा प्रश्न त्याला पडत नाही. चौकट किती रुंद ठेवायची, हा निर्णय संख्याशास्त्राचा भासतो, प्रत्यक्षात तो मांडणी करणाऱ्याचा असतो.

तळाशी लिहिलेल्या जनुकांच्या नावांचे तर विचारूच नका. २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेली एक जागा सोळाव्या गुणसूत्रावर सापडली. ठिपके एफटीओ नावाच्या जनुकाच्या पोटात पडले होते, म्हणून त्याचे नाव ‘लठ्ठपणाचे जनुक’ असेच पडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबीतील गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘डायबेटॉलॉजिया’त दाखवले की हाच फेरफार भारतीयांत मधुमेहाशी निगडित आहे आणि तो संबंध केवळ वाढलेल्या वजनातून पूर्णपणे समजावता येत नाही. ‘सडपातळ दिसणारा पण चरबीचा’ भारतीय देह हा याज्ञिकांच्या संशोधनाचा जुना विषय. त्याला हे धरूनच होते. पण २०१४ मध्ये आणि मग २०१५ मध्ये असे पुढे आले की त्या फेरफाराचा प्रभाव बऱ्याच अंशी एफटीओवर नव्हे, तर सुमारे पाच लाख अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स३ आणि त्याहूनही दूरच्या आयआरएक्स५ या जनुकांवर पडतो. सात-आठ वर्षे असंख्य प्रयोगशाळा एफटीओच्या मागे लागल्या. सगळा दोष चित्राला देणे अन्यायाचे होईल; एफटीओवर काम करायला इतर कारणेही होती. पण ठिपक्यांच्या बरोबर खाली एक नाव छापलेले असले की डोळा आणि निधी दोन्ही तिकडे वळतात. आता अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘फुमा’सारखी साधने डीएनएची घडी आणि जनुकांची ऊतींमधली हालचाल लक्षात घेऊन दूरची नावेही सुचवतात. ही सुधारणा मोलाची आहे, पण फुमाही एलडीसाठी आधारसंचच विचारते.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चित्र ही सजावट, निर्णय आकड्यांवर होतात. शोधनिबंधाच्या पुरवणीत सगळे तक्ते असतात, ज्याला हवे त्याने पाहावेत. तत्त्वतः खरे. व्यवहारात लाखो ओळींचा तक्ता कोणीही पाहत नाही. परीक्षक, पत्रकार, निधी देणारे आणि पुढचा संशोधक सगळे आकृतीवरूनच मत बनवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये अमेरिकेच्या ‘ऑल ऑफ अस’ प्रकल्पाचा निबंध आला, २,४५,३८८ जीनोमचा. त्यातल्या एका आकृतीवर जनुकशास्त्रज्ञ तुटून पडले. ‘यूमॅप’ या तंत्राने काढलेल्या त्या चित्रात लोकसमूह रंगीत बेटांसारखे एकमेकांपासून सुटे दिसत होते, आणि वंश ही जणू काटेकोर कुंपणे आहेत असा भास होत होता. हे तंत्र जवळचे जवळ ठेवते, मधली सलग सरमिसळ मात्र तोडून दाखवते. मजकुरात काय लिहिले आहे याकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. वाद झाला तो चित्रावर. सजावटीवर एवढे रण माजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिल्लीच्याच अभ्यासात आधी इतरत्र सापडलेल्या ५६ पैकी ४९ जागांचा कल भारतीयांतही त्याच दिशेने दिसला. म्हणजे मधुमेहाची नेहमी आढळणारी जनुकीय कारणे बहुतांशी सगळ्या मानवजातीत सामाईक आहेत. मग आधारसंच ह्यूस्टनचा असो वा हिंगोलीचा, काय फरक? हा युक्तिवाद सामाईक भागापुरता मी पूर्णपणे मान्य करतो. बऱ्याच ठिकाणी ‘एसएएस’चे रंग आणि प्रत्यक्ष भारतीय रंग जवळपास जुळतीलही. पण भारत हा एक लोकसमूह नाही. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समूह तपासले गेले; त्यांपैकी ८१ समूह असे निघाले की त्यांचा जनुकीय पाया फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही अरुंद होता. त्यांतल्या १४ समूहांची लोकसंख्या तर आज दहा लाखांच्या वर आहे. जातीतच लग्ने करण्याच्या प्रथेची ही डीएनएतली पावती. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या अशा समूहात दिंड्या लांब असतात, विरळ अक्षरे वर येतात, आणि नातेवाईक नसलेली माणसेही दूरची नातलग निघतात. आयजीआयबीच्या पुढाकाराने २००८ मध्ये ५५ समूहांचा जो पहिला नकाशा आला, त्यातच ही विविधता दिसली होती. अशा देशात सामाईक भाग जुळतो म्हणून समाधान मानणे म्हणजे जे शोधायला गेलो तेवढेच न पाहता परतणे.

तिसरा आक्षेप काम करणाऱ्यांचा: एलडी स्वतःच्या नमुन्यातून काढता येते, लोकसझूमला तशी फाइलही देता येते. बरोबर, आणि उत्तम संशोधक तसे करतातच. पण हे सुख ज्याच्याकडे मूळ डीएनए आहे त्याचेच. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या गर्भवतींच्या पोषणाच्या दीर्घ अभ्यासाचे उदाहरण घ्या. त्यातल्या कुटुंबांच्या डीएनएवरून याज्ञिक-चांडक यांच्या चमूने २०१७ मध्ये रक्तातल्या बी१२ जीवनसत्त्वाच्या पातळीशी निगडित असे एफयूटी६ जनुकातले नवे फेरफार दाखवले. शाकाहार, बी१२ ची कमतरता आणि पुढच्या पिढीचे आरोग्य, असा हा महाराष्ट्राच्या घरातला प्रश्न आहे. आता नागपूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या प्राध्यापकाला तो निकाल दुसऱ्या अभ्यासाशी ताडून पाहायचा असेल, तर त्याच्या हातात फक्त पी-मूल्ये येतात. रंगांसाठी त्याला पुन्हा तेच ४८९ लोक. शिवाय अनेक शहरांचे अभ्यास एकत्र केले की ‘स्वतःचा नमुना’ असा एक उरतच नाही.

म्हणून मला वाटते, उणीव प्रोग्रामरच्या कौशल्याची नाही. लोकसझूम, क्यूक्यूमॅन, फुमा ही सगळी साधने विनामूल्य आहेत आणि चांगली आहेत. उणीव आहे त्यांना जोडता येईल अशा भारतीय एलडीच्या उघड्या तक्त्यांची. कच्चा माल आता देशात आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पात वीस संस्थांनी सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले. २०२५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये ८३ समूहांतल्या ९,७७२ जणांचा तपशील आला. ही माहिती फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवली आहे, पहाडगंजपासून दिल्लीची हद्द ओलांडली की लगेच. जानेवारी २०२५ पासून संशोधकांना ती अर्ज करून, अटी मान्य करून मिळते. हे योग्यच. पण लोकसझूमसारखे साधन अर्ज भरत नाही, त्याला उत्तर एका सेकंदात हवे असते: या दोन स्निपांचा बांधलेपणा या समूहात किती?

इथे गोपनीयतेचा आक्षेप येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. २००८ मध्ये असे दाखवले गेले की नुसत्या सरासरी प्रमाणांच्या तक्त्यावरूनही, एखाद्या माणसाचा डीएनए आपल्या हाती असेल, तर तो त्या अभ्यासात होता की नाही हे ओळखता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तातडीने असे तक्ते उघड्या संकेतस्थळांवरून काढून घेतले. मात्र दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच संस्थेने धोका आणि फायदा यांचा हिशोब पुन्हा मांडून बहुतेक एकत्रित निकाल परत खुले केले. ज्या समूहांना विशेष जपायला हवे त्यांच्यासाठी अपवाद ठेवला. आपल्याकडे हाच अपवाद आदिवासी आणि फार लहान समूहांसाठी ठेवता येईल. बाकीच्यांचे एलडी मोठे प्रादेशिक गट करून, विरळ अक्षरे वगळून, सर्व्हरवरून एका वेळी एका पट्ट्यापुरते देता येते. मिशिगनचा सर्व्हर १००० जीनोम्सच्या बाबतीत पट्ट्यापुरते उत्तर रोज देतोच आहे. तिथे मूळ संच आधीपासून सर्वांना खुला आहे, एवढा फरक. आपल्याकडे मूळ संच बंद ठेवूनही उत्तर देता येईल. फिनलंडने आपल्या लाखो नागरिकांच्या अभ्यासाचे निकाल ‘फेवेब’ या साधनावर उभारलेल्या संकेतस्थळावर सर्वांना खुले केले आहेत. जपान, कोरिया आणि तैवान यांचीही अशी संकेतस्थळे आहेत. रोग निवडा, मनोरा दिसतो. मनोऱ्यावर टिचकी मारा, पायथा उघडतो. भारतीय अभ्यास मात्र अजून बहुतांशी निबंधातल्या गोठलेल्या आकृतीतच भेटतात, तिथे टिचकी मारायला काही नसते.

तोवर निदान एक गोष्ट बिनखर्चाची आहे, आणि ती नियतकालिकांचे संपादक उद्यापासून मागू शकतात. पायथ्याच्या प्रत्येक आकृतीखाली एक ओळ: एलडी कोणत्या लोकांचे, किती जणांचे, संदर्भ-जीनोमच्या कोणत्या आवृत्तीवर मोजलेले, आणि चौकट किती रुंद. ‘एसएएस’ एवढे तीन अक्षरी लेबल पुरेसे मानू नये. त्यात लाहोर किती, ह्यूस्टन किती, हे लिहावे. आधारसंचात न सापडलेल्या ठिपक्यांची संख्याही द्यावी, कारण साठपैकी वीस ठिपके करडे असतील तर त्या चित्रातल्या लाल रंगावर किती विसंबायचे, हे वाचकाला तिथल्या तिथे ठरवता येईल.